पचमढीचा रोल

हिंदुस्थानात पाहण्यासारखी म्हणून जेवढी ठिकाणं आहेत तेवढी सगळी माझ्या थोरल्या साडूंनी पाहून झाली आहेत, आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी ते गेले होते याचा पुरावा आज जगात कुठेही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कालवा कुठून निघतो, पाणी कुठे वळतं, हे ते कागदावर इतक्या बारीक रेघांनी दाखवत की वरचे साहेब भिंग घेऊन बघत. असा हा हाताचा पक्का माणूस. पण कॅमेरा हातात आला की कुणाची तरी दृष्ट लागायची. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो फोटो काढले. आमच्या नात्यात त्यांच्याइतका प्रवास कुणी केला नाही, आणि त्यांच्याइतका कोरा अल्बमही कुणाच्या घरी नाही.

प्रवासाला निघताना ते एक खाकी बंडी घालत. नागपुरातल्या महाल भागातल्या शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेल्या त्या बंडीला अकरा खिसे होते. कुठल्या खिशात काय आहे, हे त्यांनी एका कागदावर नकाशासारखं काढून ठेवलं होतं, आणि तो कागद कुठल्या खिशात आहे हे त्यांना कधीच सापडलं नाही. फोटो काढण्याची त्यांची पद्धत म्हणजे समोरच्याची सत्त्वपरीक्षा. आधी एक डोळा मिटून उजेड बघायचा, मग चार पावलं मागे जायचं, मग माणसांना दोन पावलं डावीकडे सरकवायचं, मग पुन्हा उजेड बघायचा, कारण तोवर तो बदललेला असे. “हलू नका जी. श्वास घ्या, पण हलू नका.” आणि एवढं करून “एक... दोन...” म्हणाले की तीन म्हणायच्या आतच, बरोबर अडीचला, ते बटण दाबत. मी एकदा कारण विचारलं. “तीन म्हटलं का माणूस तोंड करते, साडूभाऊ,” ते म्हणाले. “अडीचले तो जसा आहे तसा राह्यते. मले तसाच पाह्यजे.” अडीचला पकडलेले ते सगळे खरे चेहरे पुढे कुठे गेले, ते एकेक करून सांगतो.

लग्न झाल्यावर ते ताईंना घेऊन रामेश्वर-कन्याकुमारीला गेले. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. आमच्या घरात लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणत. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल होता. कन्याकुमारीला छत्तीस पुरे झाले तरी चाक फिरतच राहिलं. सदतीस झाले, अडतीस झाले, साडूंचा आनंद गगनात मावेना. ताईंनी भीतभीत विचारलं, “आवो, रोल छत्तीसचाच होता नं?” साडू म्हणाले, “कंपनीनं जास्त भरून देल्ला असन. चांगल्या लोकांवर शंका नोको घेत जाऊ वं.” असे चव्वेचाळीस फोटो झाल्यावर मात्र त्यांनाच संकोच वाटला आणि ते थांबले. नागपुरात दुकानदारानं कॅमेरा उघडला, तेव्हा कळलं की रोलचं टोक दात्यांत अडकलेलंच नव्हतं. चव्वेचाळीस वेळा नुसतंच चाक फिरलं होतं. रोल जसाच्या तसा कोरा. तो वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या वर्षी साडूंनी तोच दार्जिलिंगला नेला. या वेळी टोक त्यांनी तीनतीनदा तपासलं. पण त्यांच्या त्या कॅमेऱ्यात बघायचं भोक वेगळं आणि भिंग वेगळं. भोकातून कांचनगंगा सोन्यासारखी झळाळताना दिसत होती आणि भिंगावर झाकण होतं. शेजारी उभा असलेला एक बंगाली गृहस्थ हातवारे करून काहीतरी सांगत होता. त्याला फोटोत यायचं असेल असं समजून साडूंनी त्यालाही बायकामुलांसकट उभं केलं आणि अडीचला बटण दाबलं.

उटीचा रोल मात्र नीट भरला, झाकण काढून काढला आणि वेळेवर धुवायला टाकला. पाकीट घरी आणून उघडलं, तर आत एका ट्रकचे फोटो. ठोकर लागलेला ट्रक. पुढून, मागून, खालून, दार उघडून, दार लावून. दुकानदारानं वही बघून सांगितलं की पाकिटं बदलली, दुसरं पाकीट शहराबाहेरच्या वाडी भागातल्या कुणीतरी नेलं. मग लागोपाठ तीन रविवार साडू त्या ट्रकचा फोटो हातात धरून वाडीच्या गोदामांतून हिंडले. “हा ट्रक पाह्यला का गा कोणी?” हरवलेल्या माणसाची चौकशी करावी तशी ते चौकशी करत होते. शेवटी मालक सापडला, पण त्यानं पाकीट न उघडताच विम्याच्या अर्जाला टाचून पाठवून दिलं होतं. म्हणजे उटीच्या तळ्याकाठी घोड्यावर बसलेल्या ताई कुठल्याशा कचेरीत अपघाताच्या फायलीत गेल्या, त्या गेल्याच. “आन् क्लेम पास झाला त्याचा!” हे सांगताना साडूंच्या आवाजात थोडा अभिमानही असे.

पुढे डिजिटल आलं. निवृत्त होताना कचेरीतल्या लोकांनी त्यांना तसला कॅमेरा भेट दिला. साडू खुश. “आता रोल नाही, धुणं नाही, पाकीट नाही. फोटो बिघडवाले मधात कोणीच उरलं नाही.” ताई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “तुम्ही आहा नं.” आणि तसंच झालं. काश्मीरला आठ दिवसांत त्यांनी सहाशे फोटो काढले. परतीच्या गाडीत बटणं चाळता चाळता पडद्यावर प्रश्न आला की कार्ड फॉर्मॅट करायचं का. आता उभा जन्म सरकारी नोकरीत घालवलेल्या माणसाला फॉर्मॅट म्हणजे काय? ठरलेल्या रकान्यांत सगळी माहिती ओळीनं बसवणं. “कर बाप्पा,” म्हणून त्यांनी बटण दाबलं, आणि एका क्षणात काश्मीर नीटनेटकं झालं.

त्यानंतर फोन आला. फोनमधले फोटो आपोआप वर कुठेतरी जमा होतात, फोन हरवला तरी ते हरवत नाहीत, असं कळल्यावर साडूंनी निःश्वास सोडला. भेडाघाटला नावेतून वाकून फोटो काढताना तो फोन नर्मदार्पण झाला, तेव्हाही ते हसत होते. नवा फोन घेऊन ते आमच्याकडे आले. ताई आत माझ्या बायकोबरोबर भाजी निवडत होत्या. पासवर्ड अर्थातच आठवत नव्हता, तेव्हा फोननं त्यांनीच पूर्वी ठरवून ठेवलेला गुप्त प्रश्न विचारला, की तुमचं आवडतं ठिकाण कोणतं? साडूंनी रामेश्वर घातलं. नाही. दार्जिलिंग, उटी, श्रीनगर, सगळं घालून झालं. आतून ताईंचा आवाज आला, “पचमढी टाकून पाहा नं.” साडूंचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी फोन पालथा करून टेबलावर ठेवला. “राहू दे,” ते म्हणाले. “कायले पाह्यजेत ते फोटो.”

इथवर हे सगळं मी हसत हसत सांगितलं, कारण साडूही ते असंच सांगत. पण उटीच्या घोड्याचं सांगताना मी एक गाळलं. त्या घोड्यावर ताई एकट्या नव्हत्या. त्यांच्या पुढ्यात मनू बसली होती. साडूंची एकुलती एक लेक, तेव्हा सात वर्षांची. बडबडी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि बापाच्या कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास न कंटाळता उभी राहणारी जगातली एकमेव व्यक्ती. “बाबा, अडीच वाजले का?” असं विचारून ती खिदळायची, आणि साडू तेवढ्यात बटण दाबायचे.

ती नऊ वर्षांची असताना तिघं पचमढीला गेले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मनूला ताप आला. तो डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी तेव्हा बदलीवर चंद्रपूरला होतो. आम्ही पोचेपर्यंत घरात फक्त माणसं होती. आणि कपाटावर कॅमेरा होता. त्यात पचमढीचा रोल तसाच होता, कारण एकोणतीस फोटो झाले होते आणि उरलेले सात साडूंनी मनूच्या वाढदिवसासाठी राखून ठेवले होते.

तेराव्या दिवसापर्यंत भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तो मिळेना. ज्याच्या घरी कॅमेरा आहे त्याच्या पोरीचा फोटो दुसरं कोण काढून ठेवणार? बारशातला एक होता, त्यात नुसतं टोपडं दिसत होतं. शेवटी शाळेतल्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. तेल चोपडलेले केस, घट्ट रिबिनी, आणि फोटोवाल्यानं दरडावल्यावर होतं तसं तोंड. ताई त्याच्याकडे बघत नसत. माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या, “हे आपली मनू नाही वाटत मले. कोणाची तरी रागावलेली पोरगी आहे.”

साडूंनी एके दुपारी दारं-खिडक्या लावून, रजईत डोकं खुपसून, तो रोल कॅमेऱ्यातून काढला. डबीत घातला. डबी फ्रिजमध्ये ठेवली, दारातल्या अंड्यांच्या खोबणीत. त्यांच्या घरी अंडी येत नसत. उष्णतेनं रोल खराब होतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर माणसंही खराब होतात. लोडशेडिंगच्या वर्षांत वीज गेली की साडू ती डबी जेवणाच्या डब्यात ठेवून भोवती बर्फ भरत, आणि बर्फ पाण्याच्या वाटेला लागला की भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ज्या भागात वीज आहे तिथल्या ओळखीच्या घरी डबा घेऊन जात. पाहुणे गरम पाणी पीत. बर्फ रोलसाठी होता. दोन वर्षं ते दोघं कुठे गेले नाहीत. मग एकदम सुटले आणि दर वर्षी जाऊ लागले, मिळेल तिथे, लांब लांब. जाताना डबी आमच्या फ्रिजमध्ये ठेवायला देत. “चार दिवस पोरगी तुमच्याकडे आहे,” असं एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं. माझ्या बायकोनं दार उघडून डबी आत ठेवली आणि बराच वेळ फ्रिजसमोर तशीच उभी राहिली.

धुवून का आणत नाही, हे विचारायचं धाडस मी एकदाच केलं. संध्याकाळची वेळ होती, ते गच्चीवर कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. पाइप तसाच हातात धरून म्हणाले, “माह्या हातचा एकतरी रोल निघाला का, साडूभाऊ? आता मनू आहे त्याच्यात. हसून राहिली. धुतला आन् कोरा निघाला तं? मंग ते कुठं राहीन?” टाकी भरून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मी जाऊन नळ बंद केला.

ताईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या भांडल्या नाहीत. वर्षातून एखाद वेळा, मनूच्या वाढदिवसाच्या आसपास, म्हणत, “धुवून आणा नं आता. मले तिचं तोंड आठवते, पण हसू निसटून राह्यलं.” साडू म्हणत, “हाव, पाहू दिवाळीनंतर.” अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात त्या शेवटी शेवटी फार बोलत नसत. एका दुपारी मी आणि साडू दोघंही खाटेशी होतो. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “आवो, तो रोल.” साडू म्हणाले, “तू घरी चाल, मंग धुऊ. दोघं मिळून जाऊ दुकानात.” ताई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. “बरं,” म्हणाल्या. हट्ट करणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या घरी आल्या नाहीत.

त्यानंतर चार महिन्यांनी, मे महिन्यात, ऐन दुपारी साडू आमच्या दारात उभे राहिले. अंगात बंडी नव्हती, साधा सदरा होता. हातात तो डबा. “चला जी,” एवढंच म्हणाले.

इतवारीत एक म्हातारा फोटोग्राफर अजून आहे हे मला ठाऊक होतं. आता त्याच्या दुकानात पासपोर्टचे फोटो आणि लॅमिनेशन एवढंच चालतं. त्यानं डबी उघडली, रोल बोटांत फिरवून पाहिला. “रंगीत धुवाचं सामान माह्याजवळ नाही आता. काळंपांढरं करून पाहतो. पण आशा नका ठेवू. पंचवीस-सव्वीस वर्षं म्हंजे लय झाले जी.” साडू म्हणाले, “कोरा निघाला तं कोराच सांगा. लपवू नका.”

पाचव्या दिवशी बोलावणं आलं. साडू दुकानाच्या आत येईनात. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, “तुम्ही पाहून या.” मी आत गेलो. म्हाताऱ्यानं काचेवर फोटो मांडून ठेवले होते. एकोणतीसपैकी बावीस. कडा काळवंडलेल्या, अंगावर धुक्यासारखा एक थर. पण मनू होती. खडकावर चढून दोन्ही हात पसरलेली मनू. आईचा पदर डोक्यावर घेतलेली मनू. पाण्यात पाय सोडून, अर्धा तुटलेला दात दाखवत, तोंड भरून हसणारी मनू. आणि एक फोटो तिनंच काढलेला. त्यात साडूंची बंडी होती, अकरा खिसे होते, डोकं नव्हतं.

मी पाकीट घेऊन बाहेर आलो. साडूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. “कोरा,” ते म्हणाले. मी पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी एकेक फोटो उन्हापासून आडोसा करून पाहिला. घाई केली नाही. भांडी घ्यायला आलेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती. शेवटचा फोटो पाहून झाल्यावर ते उठले, दुकानात गेले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, “तवाच धुतला असता, तं कसा निघाला असता?” तो साधा माणूस. त्यानं खरं ते सांगितलं. “तवा? तवा तं सगळाच निघाला असता. रंगीत.” साडू “हाव” म्हणाले आणि त्याला हात जोडून बाहेर आले.

ऑटोत ते पाकीट मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, “एका दिवसाचं काम होतं. ते दर वर्षी म्हणे.” ते म्हणजे ताई. रस्ता मागे जात होता. मग त्यांनी खडकावरचा फोटो पाकिटातून पुन्हा काढला आणि माझ्यासमोर धरला. “साडूभाऊ, हा फ्रॉक कोणत्या रंगाचा होता? पचमढीसाठीच तिच्या आईनं शिवला होता घरी. मले आठवून नाही राह्यलं. आता कोणाले विचारू?”

घराशी उतरताना त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. “तुमच्या घरी राहू द्या जी. माह्या हातून काही टिकत नाही.” तेव्हापासून ते आमच्या कपाटात आहे. साडू दर रविवारी सकाळी येतात. मोरीवर जाऊन हात धुतात, रुमालानं कोरडे करतात आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. बायको पाकीट आणून देते. ते बावीस फोटो पाहतात, परत भरतात, आणि चहा न घेता निघतात. आता ते प्रवास करत नाहीत. फोनही साधा वापरतात, नुसता बोलण्याचा.

गेल्या रविवारी ते खडकावरच्या त्या फोटोशी थांबले. “हिरवा असन का?” स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, “हिरवा तिले आवडत नव्हता.” बायको दारात उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, “पिवळा होता, जिजाजी. ताईनं माह्या समोरच कापड घेतलं होतं, गोकुळपेठेत. मी संगं होती.”

साडूंनी फोटो उजेडाकडे नेला. लांब धरला, जवळ आणला. “पिवळा,” ते म्हणाले. “हाव. पिवळाच. असा हळदीसारखा.”

“हळदीसारखाच,” बायको म्हणाली.

त्या वर्षी आम्ही चंद्रपूरला होतो आणि पचमढीच्या आधी सात-आठ महिने नागपूरला आलोच नव्हतो, हे मला पक्कं आठवतं. बायकोलाही आठवत असणार. ती माझ्याकडे न बघता आत गेली आणि चहा घेऊन आली. साडूंनी फोटो मांडीवर ठेवून तो चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना हळूच म्हणाले, “आणखी अर्धा भेटन का वं?”